शेवटचा हात

राजिवाड्याच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्यामागं
दाऊदभाईंची दोन मशिनं.
खाऱ्या वाऱ्यानं बिडाच्या वाट्यांवर रोज गंज चढतो;
सकाळी आधी तो पुसायचा,
मग काच राळेवर चिकटवायची, पालथी,
करवंटी ठेवावी तशी.

पहिल्यांदा जाड कुरुंद आणि पाणी.
आवाज असा, की शेजारची रेश्मा सोलकर
दुपारची खिडकी लावून घेते, दात शिवशिवतात म्हणते.
मग बारीक. मग त्याहून बारीक,
बोटांत चोळली तर नुसती पिठी.
प्रत्येक भुकटीची बादली वेगळी, फडकं वेगळं,
आणि मधे हात धुवायचे, कोपरापर्यंत.

एकदा मी नाही धुतले.
जाडीतला एक कण बारकीत गेला,
सतरा काचांवर सतरा केस उमटले.
दाऊदभाई ओरडले नाहीत.
सतराही माझ्यापुढं मांडल्या. म्हणाले,
"चल, पहिल्या बादलीपासून."

पॉलिशच्या आधी काच धुरकट असते,
मऊ, पण आंधळी.
भाट्याच्या पुळणीत बाटल्यांचे तुकडे सापडतात ना,
हिरवे, धार मेलेले, तशी.
समुद्राला तिथवरच येतं.
कधीपासून घासतोय, वाळू सगळी त्याचीच,
पण बादल्या वेगळ्या ठेवायची अक्कल नाही.

शेवटचा हात नमद्यावर.
सेरियमचा गुलाबी चिखल, काच तापणार नाही एवढं पाणी,
वजन बेतानं.
सहा मिनिटं मशीन डुलतं.
चौथ्या मिनिटाला लाइट गेली
तर नमदा सुकायच्या आत काच उचलायची,
अंधारात, हाताच्या अंदाजानं.
गेली परवा. उचलली.

ती हलीमाबींची होती, अधिक अडीच.
कोळंबीतला काळा दोरा दिसत नाही,
सून टोपलं पुन्हा तपासते, त्याचा राग.
काल संध्याकाळी आल्या बाजार आटपून,
चश्मा चढवला, खाडीकडं बघितलं,
मग स्वतःच्या नखांकडं, बराच वेळ.

"काच बसवलीस ना गो?"
बसवली, म्हटलं.
विश्वास बसेना.
चश्मा उतरवून त्यांनी भिंगाच्या मधोमध
बोट टेकवून बघितलं,
मासळीचं, ओलं, अख्खं बोट.

"हाय," म्हणाल्या,
आणि पैसे मोजायला लागल्या.