वाव

कामारा द लोबुशच्या धक्क्याला
पहाटे साडेचारला होडी लागते
आणि खोक्यांतून उतरतात एस्पादा.
वाकटीच्याच घराण्यातले, पण काळे,
चुलीमागच्या भिंतीसारखे काळे,
दात विंचरून ठेवल्यासारखे,
डोळे मोठाले, बाहेर आलेले.
सहाशे वाव खोल सोडलेला दोर,
गळागळाला माकुलाचा तुकडा,
आणि रात्रभर वाट.

देओलिंदा बोथट सुरीनं काळं खरवडते.
नखांतलं निघत नाही,
रविवारी चर्चमध्येही तिच्यासोबत बसतं.
किलोला आठ युरो, साफ करून नऊ.
हॉटेलवाले वर तळलेलं केळं ठेवतात.
ठेवोत बापडे.

टोपीवाली एक पाहुणी विचारते,
जिवंतपणी कसा दिसतो हो हा?

मला काय ठाऊक, बाई.
माझ्या बापानं एक्केचाळीस वर्षं दोर ओढला,
त्यानंही नाही पाहिला.
गळ नुसता ओठाला लागलेला असतो.
मरतो तो वर येण्यानं.

पाहुणी फोटो काढते, घेत काहीच नाही.

दुपारी तीनला बापाला उठवायचं असतं,
गोळी असते.
मागे एकदा तिनं घाईत पडदा सर्रकन ओढला
तर गाउदेंसियू ओरडत उठला,
पाव तास तिला एर्मिंदा म्हणत राहिला.
एर्मिंदा त्याची बहीण,
व्हेनेझुएलाला गेली ती गेलीच.

तेव्हापासून ती आधी पायांवर हात ठेवते.
मग नाव, दोनदा, मध्ये दम घेऊन.
मग बोटभर पडदा.

किती उरलं? तो डोळे मिटूनच विचारतो,
होडीतल्या आवाजात.
दोनशे वाव, ती सांगते.
मग थांब जरा.

ती थांबते.
सूपवर साय धरते.
खाली कुणीतरी खोकी धुतंय,
पाणी उतारावरून समुद्राकडे जातंय.

आता?
दीडशे.
ओढू नकोस गं.
नाही ओढत, ती म्हणते,
आणि काळ्या नखांनी
पडद्याची कड नुसती धरून ठेवते.