तिसरा पंप

या वर्षातला हा तिसरा वॉटर पंप.
दोन्ही वेळा तेल्हाऱ्यातच बसवला,
गास्केटला शेलॅक लावून,
बोल्ट आडवे-उभे, सावकाश कसून.
तरी दीड महिन्यात
पंख्याखालच्या बारक्या भोकातून
टिप्… टिप्…
अंगणात पुन्हा तोच ओला रुपया.

हारूनभाईनं आज घाई नाही केली.
पट्टा अंगठ्यानं दाबला. ताण बरोबर.
समोर खडू धरून पंखा हातानं फिरवला,
चारही पाती खडूला सारखीच शिवली.
मग उतरवलेला पंप पालथा केला,
सीलवर नख ओढलं.
नखात पांढरी, खरखरीत भुकटी.
ती जिभेला लावून तो थुंकला.

"पाणी कुठलं टाकता काका?"
"घरच्या हिरीचं."
"मंग पंपाचा काय दोष?
तुमचं पाणीच त्याले खाऊन रायलं.
कूलंट टाका, अन् आरओचं कॅन आणा."

आणलं. वीस लिटरचं.
जुनी अँबेसिडर अर्धं कॅन प्यायली,
बोनेट लावलं,
मागच्या सीटवर उशी ठेवली.
मंगळवार, शुक्रवार अकोला.
डायलिसिसला चार तास, जायला-यायला तीन.

पंचफुला ओट्यावर तयार बसलेली,
दंडावर पदर ओढून.
"झाली का गाडी बरी?" म्हणाली,
अन् डॉक्टरनं मोजून दिलेला
अर्धा पेला माठातून काढला.

माठ त्याच हिरीचा.

मी पेला धरला तिच्या हातातला.
ती पाहतच राहिली माझ्याकडे.
डिक्कीत अर्धं कॅन डुचमळत होतं.