सोळा टाक्या

सतरा वर्षं डोक्यावर टाक्या वाहिल्या,
एका खेपेला एक, घाई असली की दोन,
गोल दगडांच्या किनाऱ्यावरून, हात न लावता.
पाठीशी आगुंग, समोर समुद्र,
मध्ये मी, न्योमान रेनिती आणि आमच्या चुंबळी.
पाहुणे पाण्यात उतरायचे.
आम्ही मागे फिरायचो.

यंदा कादेक म्हणाला, मावशी, एकदा खाली चल.
याचं नाक मी पुसलंय. आता त्याच्याकडे
शिट्टी आहे, पाटी आहे, आणि कुठून आणलाय कोण जाणे, धीर.

टाकी पाठीवर घेतली आणि उताणी पडले.
न्योमान इतकी हसली की तिच्या डोक्यावरची टाकी हलली,
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
पायांत पंखे चढवून पुढे चालायला गेले.
पुढे चालायचं नसतं.
बदकसुद्धा उलटं चालत नाही, पण माणसाने चालायचं.

काचेला थुंकी लावायची असते.
समुद्राला सकाळीच पानाच्या द्रोणात फुलं वाहिलेली,
त्याच्याच दारात थुंकू?
नाही थुंकले.
मग अर्धा तास मी दुधातले मासे पाहिले.

दुसऱ्या दिवशी कमरेला शिसं जास्त झालं.
मीच मागून घेतलं होतं, ओझ्याचं मला काय!
दगड जातो तशी गेले. कानांत सुया.
नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं,
पण दुखायच्या आधी; दुखल्यावर नाही.
हे आईने लग्नाच्या वेळीच सांगायला हवं होतं.
घाबरून जाकिटाचं बटण दाबलं, ते नेमकं दुसरं.
फुगले.
कादेकने घोटा धरला म्हणून,
नाहीतर थेट डोंगरावर पोचले असते.

अठरा मिनिटांत टाकी संपवली.
त्याची अर्ध्याहून जास्त शिल्लक.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
त्यातला बराचसा माझा.

तिसऱ्या दिवशी कासव आलं.
म्हातारं, पाठीवर शेवाळ,
जेवता जेवता माझ्याकडे बघून पुन्हा जेवायला लागलं.
कादेकने बोटांनी विचारलं, ठीक?
मी आनंदाने अंगठा वर केला.
अंगठा म्हणजे वर चला.
तो इमानेइतबारे मला वर घेऊन गेला.
तिथे मी त्याला जे म्हटलं
ते त्याच्या आईला कळता कामा नये.

एक गोष्ट मात्र जमेना.
ओझं उचलताना आम्ही श्वास कोंडतो.
चढाला कोंडतो, सासूपुढे कोंडतो,
आठवड्याचे पैसे मोजताना कोंडतो.
कादेकने पाण्याखाली पाटीवर लिहिलं:
कोंडू नकोस.
मी मान हलवली आणि कोंडला.
त्याने पाटी पुसली नाही. तशीच धरून राहिला,
वाळूत गुडघे टेकून,
माझ्या ओट्यावर भाताची वाट बघायचा तसा.

सोडला.
बुडबुडे वर गेले, मी जराशी खाली.
घेतला, जराशी वर.
सोडला.
मला कुणी उचलत नव्हतं,
मीही काही उचलत नव्हते.

आज परत कामावर. आठ पाहुणे, सोळा टाक्या.
जाताना जड, येताना किंचित हलक्या,
हे मानेला कायम ठाऊक होतं,
मला नव्हतं.
एवढी वर्षं वाटायचं, मी धातू वाहते.

बारीक चणीचा एक पोरगा पाण्यातून आला,
कपाळावर मास्कचा लाल वळ, ओठ पांढरे.
त्याची टाकी उचलली. जवळजवळ रिकामी.
किती मिनिटं?
सतरा, तो म्हणाला, खाली बघत.
मी चुंबळ नीट केली.
त्याला अंगठा दाखवणार होते,
आवरला.