साडीच्या फॉलमधली वाळू

शिरोलीत एकोणचाळीस वर्षं मी वाळू ठोकली.
काळी, तेलकट, जळक्या वासाची वाळू
पेटीत भरायची, पॅटर्न अलगद उचलायचा,
आत राहिलेली पोकळी फुंकून साफ करायची
आणि बाजूला सरायचं.
मग लोखंड यायचं.

शेजारच्या पेटीवर दस्तगीर.
तो माझ्यापेक्षा जोरात फुंकायचा.

भिशी लागली तेव्हा मालन म्हणाली, समुद्र.
मी म्हटलं, गणपतीपुळे.
ती म्हणाली, एका बाजूचा नको,
चारी बाजूंनी असतो तो.

निघताना यादवनगरला जाऊन आलो.
दस्तगीर खाटेवर उशीला टेकून,
दोन शब्द, मग दम, मग दोन शब्द :
"येताना मूठभर
आण की.
इस्तू न बघितलेली."

बेट ते केवढं?
रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या की संपलं.
सकाळी सहाला निघालो, डाव्या हाताला पाणी ठेवून.
पहिल्या किनाऱ्यावर मी उकिडवा बसलो
आणि सवयीनं मूठ आवळली.
चांगल्या वाळूवर बोटांचे ठसे उठतात,
दोन्ही हातांनी मोडली तर वडीसारखी मोडते.
ही मूठ उघडायच्या आतच निघून गेली.

दुसरीकडे भरड. शंखांच्या चिपा,
हळकुंडासारख्या पोवळ्याच्या कांड्या.
तिसरीकडे मैदा, नुसता मैदा,
पाय टाकला की कुरकुरणारा.
मालन प्रत्येक किनाऱ्याला नाव देत चालली,
तिच्या माहेरच्या गावातली :
गिरणीचा कोपरा, खालची तालीम,
सुताराची बोळ.
उत्तरेच्या टोकाला नुसता काळा खडक, खेकडे,
तिथं तिच्या चप्पलचा अंगठा तुटला,
त्याला ती म्हणाली, सासर.

दुपारी नावाडी भेटला.
ही सगळी वाळू माशानं केली, म्हणाला.
पोपटाच्या चोचीचा मासा आहे,
दगड खातो आणि मागनं वाळू सोडतो,
वर्षाला पोतंभर.
मी इतका हसलो की होडी हलली.
मग हसू थांबलं,
का ते मालनला सांगितलं नाही.

संध्याकाळी मागं वळून बघितलं :
माझ्या पावलांच्या पेट्या, ओळीनं, टाचेपाशी खोल,
पन्नास-साठ तरी भरतील.
लाट आली, एकेक भरत गेली,
काठोकाठ, कुठं फुगा नाही, भेग नाही,
आणि आत काहीच थिजलं नाही.
रिजेक्शन शंभर टक्के.
सुपरवायझर असता तर तिथंच बसून रडला असता.

धक्क्यावर शिपायानं पिशवी उलटी करायला लावली.
इथली वाळू इथंच राहते, म्हणाला.
बरोबरच होतं त्याचं.
मी पिशवी दोनदा झटकून दाखवली.

कोल्हापुरात आल्यावर आठ दिवस
त्या गल्लीकडं गेलोच नाही.
नवव्या दिवशी मालन धुणं भिजवता भिजवता थांबली.
निळ्या साडीचा फॉल तिनं ब्लेडनं उसवला,
कालचा पेपर खाली धरला.
चमचाभर.
चमचाही नव्हे, चहाच्या चमच्याचं टोक.

दस्तगीरनं ती चिमटीत घेतली,
डोळ्यांजवळ नेली, जिभेला लावली,
मोल्डरच तो, सोडतोय होय.
"ढिली हाय," म्हणाला,
"मोल्ड धरायची न्हाई."
मग मी माशाचं सांगितलं.
तो बराच वेळ छताकडं बघत राहिला.
"त्याला भाईर तरी
काढता येती,"
म्हणाला, आणि हसायला गेला,
ते हसणं खोकल्यात कुठं बुडालं कळलं नाही.

त्याची सून शमशाद मशीन घेऊन आली, नळी जोडली.
तेवढ्यात त्यानं हातानं खूण केली : पंखा.
शमशादला वाटलं, वाढवायचा.
नव्हं, बंद.

मे महिना. पत्र्याचं घर.
पेपरवर ती पांढरी चिमूट,
आणि आम्ही चौघं तिच्याभोवती
श्वास धरून.