चोवीस इंचांवर

वेल काढता कुणालाही येते,
कोचरेकर मास्तर म्हणायचे,
ती संपू न देणं हे काम.
आणि माझ्या चित्राचे कात्रीनं चार तुकडे करायचे.
डावं उजवीकडे, खालचं वर.
कडा सगळ्या आत यायच्या
आणि मधोमध उघडी पडायची एक पांढरी फुली.
"आता इथं काढ."

प्रभादेवीची मिल, ब्लीचिंगच्या वरची डिझाइन रूम,
डिंकाचा वास, उत्तरेचा उजेड.
कपाटात विलायती नमुन्यांची जाडजूड पुस्तकं,
त्यातल्या पानांना आपल्याकडे नावच नाही.
मी तीच गिरवत होते.
मास्तरांनी पुस्तक मिटलं:
"त्यांनी त्यांच्या परसातलं काढलं.
तुझं परस कुठंय?"

बॉयलरच्या मागं, कुंपणाला घाणेरी होती.
एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी,
हाताला वास दोन दिवस.
एक पान किडीनं खाल्लेलं,
तेही काढलं, भोकासकट.

मग अर्धी उतरण.
शेजारचा गुच्छ रांगेत बसत नाही,
अर्धी पायरी खाली सरकून बसतो,
म्हणजे डोळ्याला रांग सापडत नाही.
कागद भिंतीला, आम्ही दाराशी, डोळे किलकिले.
रेघ पडली की पुन्हा पहिल्यापासून.
सात वेळा पडली.

विक्रीचे कापडिया भोकावर बोट ठेवून म्हणाले,
गिऱ्हाईक फॉल्ट समजेल.
मास्तर चष्मा पुसत राहिले.
"फॉल्ट बरोब्बर चोवीस इंचांवर
पुन्हा पडत नाही, शेठ."

मिल बंद झाली तेव्हा
कामगारांच्या यादीत मी नव्हते, बाबूंच्याही नाही.

परवा हिंदू कॉलनीत, दाताच्या दवाखान्यात,
खिडकीला तो पडदा.
गुलाबी उडालेलं, पिवळं टिकलेलं.
पान. भोक.
चोवीस इंच.
पान, भोक.
दाढ ठणकत होती आणि मी मोजत होते.

शिंप्यानं दोन पन्हे जोडताना
उतरण बघितलीच नव्हती.
चार बोटं चुकलेली.
देठ वर चढत यायचा
आणि शिवणीवर भलत्याच पानाला धडकायचा,
वरपासून खालपर्यंत, प्रत्येक वेळी.

उठले. शिवणीपाशी चुणी घेतली,
देठाला देठ लागेपर्यंत ओढली.
"मावशी, पडदा सोडा," काउंटरवरची पोरगी म्हणाली,
"तुमचा नंबर आलाय."

हो, म्हटलं,
चिमूट तशीच.