डावा पाय

सातपूरला एकतीस वर्षं मी गियर कापले.
हॉबिंग मशीन, दुधासारखं कूलंट,
बेचाळीस म्हणजे बेचाळीस दात,
त्रेचाळिसावा निघाला तर जॉब भंगारात.
आणि आता लेकीच्या गाडीत
गियर कुठे दिसतच नाहीत.
दांड्याच्या कडेला चार-पाच इंग्रजी अक्षरं,
पोटात दिवा लावून बसलेली.

"बाबा, डावा पाय मागे घ्या, सीटखाली.
त्याला काम नाही."

काम नाही म्हणजे?
मुंबई नाक्याच्या सिग्नलला त्यानं सवयीनं क्लच दाबला,
तो निघाला ब्रेक.
मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली,
शकूच्या मांडीवरची ओटीची पिशवी उलटली,
नारळ गडगडत माझ्या टाचेशी आला.

दिंडोरी मागे पडेपर्यंत शहाणा झालो.
डी म्हणजे चल.
पाय नुसता उचलला तरी सरकते,
नको म्हटलं तरी सरकते.
थांबायचं तर ब्रेक. बस.
इतकं सोपं, की रागच आला.

गडावरून उतरताना, नांदुरीच्या घाटात,
मी गुपचूप एन टाकला.
उतारावर पेट्रोल जाळायचं कशाला?
हे आम्ही लुनावर शिकलो,
मग स्कूटरवर, मग घराच्या हप्त्यांवर.
तिसऱ्या वळणाला वास आला.
कंपनीतला, ओळखीचा:
काहीतरी उगाच घासतंय.

हेमांगी ओरडली नाही.
"बाबा," एवढंच म्हणाली,
"तुम्ही तिला सोडून दिलंय.
डी घ्या. आता एल."

आणि बॉनेटखालून तो आवाज आला.
घरघर.
शर्ट मागून कुणी मुठीत धरावा
तशी गाडी आवरली.
आत, तेलात बुडून, काळोखात,
दातात दात बसले होते.
म्हणजे आहेत. झाकलेत फक्त.
पायथा येईपर्यंत मी ब्रेकला जेमतेम शिवलो.
शकू म्हणाली, झोप लागली का हो तुम्हाला?

पाथर्डी फाट्याला, बिल्डिंगच्या उतारावर
हेमांगीनं गाडी लावली.
थांबली, पी टाकला, ब्रेक सोडला.
गाडी वीतभर घरंगळली आणि आतून: कट्.

थांब, म्हटलं. परत कर.
पाय ब्रेकवर. एन. हँडब्रेक ओढ.
आता पाय सोड, बसू दे तिला हँडब्रेकवर.
मग पुन्हा ब्रेक. मग पी.
पी म्हणजे फक्त एक खटका आहे, बाई,
करंगळीएवढा,
एका खाचेत अडकलेला.
त्याच्यावर अख्खी गाडी टांगू नये.

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली.
मी बोटानं हवेत दात काढून दाखवला,
उतार, खाच, कड.
ती बघत राहिली, किल्ली हातात.

शकू नारळ शोधत होती.
मी सीटखालून डावा पाय बाहेर काढला.
मुंग्या आल्या होत्या.