तांबं

कासमचाचा धूळधोया. नांदेडच्या सराफ्यात
पहाटे चारला झाडू मारायचा,
उंबऱ्याखालचा गाळ पोत्यात भरायचा
आणि म्हणायचा, शेठच्या नखातून सांडतं ते आपलं.

त्या वर्षी कुणीतरी त्याला सांगितलं :
पैनगंगेत, सहस्रकुंडाच्या खाली,
रेती चमकायला लागलीय.
मी बारा वर्षांचा. शाळा बुडवून पोतं धरायला गेलो.

अकरा दिवस.
सागाच्या एका पानावर भाकरी, दोन पानांखाली डोकं.
पोटरीभर पाण्यात वाकून लाकडी डोणी फिरवायची.
आधी गोटे जातात,
मग पांढरी रेती, मग लाल,
शेवटी उरते ती काळी, जड,
तव्याच्या काजळीसारखी, पण बोटाला न लागणारी.
"पानी को हौले घुमा रे पोट्टे,
सोना शर्मीला रहता."
सोनं लाजत असेल. मला हुडहुडी भरली होती.

अकराव्या संध्याकाळी त्यानं पारा ओतला,
फडक्यातून पिळला, गोवरीवर खापरी ठेवली,
मला म्हणाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस.
पारा उडाला.
खापरीत एक मणी,
गुंजेच्या काळ्या डोळ्याएवढा.
आम्ही हसलोही नाही, फुंकर लागेल म्हणून.

उदावंतांनी तो कसोटीवर घासला,
तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवट झाली.
"तांबं आहे कासम यात.
नदी काही तांबं मिसळत नाही.
कुणाचा तरी डागिना आहे हा, झिजलेला."
तरी तीनशे वीस देतो म्हणाले.
चाचानं मणी उचलून चुन्याच्या डबीत टाकला.

गटारातलं सोनं कुणाचं,
हे त्यानं चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.
नदीतल्याचं का विचारावंसं वाटलं,
ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुन्हा गेलो. या खेपेला धबधब्याच्या वर, तांड्यावर.
धानीबाई हंडा घासत होती.
नाकात भोक, भोकात कडुनिंबाची काडी.
चाचानं डबी उघडून विचारलं,
भुरिया हरवलीय का इथं कुणाची?
ती हसायलाच लागली.
"मला कधी नव्हतीच. पण असती ना,
तर इथंच पडली असती.
रोज इथंच तोंड धुते मी."

मग ओल्या बोटावर मणी चिकटवून
तिनं तो काडीच्या टोकाशी धरला
आणि पाण्यावर वाकली.
पाणी पळत होतं. तिला काय दिसलं कोण जाणे.
बराच वेळ वाकलेलीच होती.
परत देताना एवढंच म्हणाली,
हलका आहे की.

परतीच्या एसटीत चाचा तो मणी
लुंगीच्या सोग्याला पुसत राहिला,
चुना केव्हाच निघाला होता तरी.
भोकरला उतरून चहा घेतला.
पैसे पोतं विकून दिले.